नाव ठेवण्यापूर्वी

रात्रीची वेळ, रोजची वाट, आणि चालता चालता पाऊल पुढे पडेनासं होतं. समोर काही दिसत नाही, पण भिंत आहे. बाजूने जावं तर तिथेही भिंत. जपानच्या क्यूशू बेटावर, फुकुओकाच्या किनारपट्टीत, या प्रकाराला ‘नुरिकाबे’ म्हणत. नुरिकाबे म्हणजे लिंपलेली भिंत. वरच्या बाजूला काठीने कितीही बडवलं तरी ती हलत नाही, खाली जमिनीलगत काठी फिरवली की विरून जाते, असा उतारही सांगत. लोकसंस्कृतीचे अभ्यासक यानागिता कुनिओ यांनी १९३०च्या दशकात गावोगावच्या अशा प्रकारांची सूची छापली. तीत नुरिकाबेच्या वाट्याला जेमतेम दोन-चार ओळी आल्या. ती कशी दिसते हे त्यात नव्हतं. असणार तरी कुठून?

पुढे मिझुकी शिगेरु (१९२२–२०१५) या चित्रकथाकाराने ती सूची वाचली. मिझुकी दुसऱ्या महायुद्धात शिपाई म्हणून न्यू ब्रिटन बेटावर राबाउलच्या बाजूला होते. तिथेच त्यांनी डावा हात गमावला. जंगलातून जीव मुठीत धरून पळताना आपल्यालाही नुरिकाबे आडवी आली होती, असं ते सांगत. युद्धानंतर उरलेल्या एका हाताने त्यांनी त्या भिंतीला दोन डोळे काढले, आखूड हातपाय दिले आणि ‘गेगेगे नो किटारो’ या कथामालेत नायकाच्या मित्रांत तिला बसवलं. आज जपानमधलं पोरसुद्धा नुरिकाबे ओळखतं. तिची खेळणी मिळतात. साकाइमिनातो या मिझुकींच्या गावी रस्त्याच्या कडेला अशा अमानवी पात्रांचे कांस्यपुतळे उभे आहेत.

माझ्या आजोबांना एकदा चकवा लागला होता. बाजार करून परतताना, पायाखालच्या वाटेवर, गावापासून हाकेच्या अंतरावर ते रात्रभर फिरत राहिले आणि झुंजुमुंजू झालं तेव्हा आपल्याच शेताच्या बांधावर बसलेले सापडले. चकवा कसा दिसतो, असं लहानपणी मी त्यांना विचारलं. ‘दिसला असता तर लागला कशाला असता?’ ते म्हणाले. त्यांच्या चकव्याला कुणी डोळे काढले नाहीत, हातपाय दिले नाहीत. तो अजून निव्वळ अनुभव आहे. नुरिकाबेही एके काळी तेवढीच होती.

आधी अंगावर येणारा काटा, मग त्याला नाव, नावाला चित्र, चित्राचं पात्र आणि पात्राची बाहुली. अमानवी गोष्टींचा प्रवास असा उताराचा असतो. या पुस्तकाला ज्या जपानी ॲनिमेशन मालिकांमध्ये रस आहे त्या हा उतार उलटा चढू पाहतात. ओळखीच्या, पाळीव झालेल्या भुताला त्या पुन्हा नाव नसलेल्या क्षणापर्यंत नेतात. आणि हे काम पहिल्याच भागात व्हावं लागतं. दुसऱ्या भागापर्यंत प्रेक्षक त्या प्राण्याचं नाव शिकलेला असतो.

म्हणून हे पुस्तक फक्त पहिल्या भागांबद्दल, पहिल्या भेटीत काय वाटलं याबद्दल आहे. यावर आक्षेप येणार, हे मला माहीत आहे. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण पहिल्या उकळीलाच शीत काढलं तर ते कच्चं निघणारच. जपानी ॲनिमेच्या जगात तर ‘तीन भाग पाहिल्याशिवाय मत देऊ नये’ असा अलिखित नियमच आहे. २०११च्या जानेवारीत सुरू झालेल्या ‘माडोका मागिका’ने तो पक्का केला. दोन भाग गोड रंगांच्या जादुई मुलींची गोष्ट चालते, आणि तिसऱ्या भागाच्या शेवटी एकीचा असा मृत्यू होतो की पाहणारा सुन्न होऊन बसतो. तो नियम मला मान्य आहे, पण तो कथानकाच्या परीक्षेसाठी आहे. इथे आपण तपासतो ती नजर. मालिकेतल्या जगात अदृश्य कुणाला दिसतं, कुणाला दिसत नाही, आणि आपल्याला कुणाच्या बाजूला बसवलंय, हा करार पहिल्या वीस-बावीस मिनिटांत होऊन जातो.

नव्या वाचकाने आधी एक शब्द समजून घ्यावा. ‘योकाई’ म्हणजे भूत नव्हे. उपशीर्षकांत कधी भूत, कधी राक्षस, कधी आत्मा असं काहीही लिहिलेलं असतं आणि तिथूनच घोटाळा सुरू होतो. यानागितांनी एक ढोबळ भेद सांगितला होता. ‘यूरेई’ म्हणजे मेलेल्या माणसाचं भूत. ते ठरावीक माणसाच्या मागे लागतं, तो कुठेही पळाला तरी. योकाई मात्र जागेला बांधलेला असतो. त्या जागी गेलात तर भेटेल, नाही गेलात तर तो तुमच्या वाटेला येणार नाही. हा भेद नंतरच्या अभ्यासकांनी बराच खरवडला आहे, आणि मराठी वाचकाला तर तो लगेच खटकेल. आपला मुंजा मेलेला मुलगाही आहे आणि पिंपळाला बांधलेलाही. गिऱ्हा बुडून मेलेला माणूस, पण राहतो त्याच पाण्यात. तरीही वापरून पाहायला हा भेद सोयीचा आहे. शिवाय योकाईंमध्ये वस्तूही येतात. पुष्कळ वर्षं वापरून टाकून दिलेली छत्री एका पायावर उड्या मारू लागते. मोडक्या छत्रीचा जीव होतो ही कल्पना आपल्या भुतावळीत मला सापडत नाही. आपली भुतं बहुतेक अर्धवट राहिलेल्या आयुष्यांची: सोडमुंजीआधी गेलेला, बाळंतपणात गेलेली, वासना उरलेला.

या विषयाला जपानमध्ये कुणी पोरखेळ समजत नाही. तोरियामा सेकिएन या चित्रकाराने १७७६ साली पानोपानी एकेक योकाई, शेजारी नाव, असं पुस्तक छापलं. भुतांची ओळखपरेडच ती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला इनोऊए एनऱ्यो हा तत्त्वज्ञ अंधश्रद्धा घालवायला निघाला आणि त्याने ‘योकाईगाकू’, म्हणजे योकाईशास्त्र, मांडलं. आपल्याकडच्या प्लँचेटसारखा ‘कोक्कुरी’ नावाचा खेळ तेव्हा जोरात होता. हलतात ते खेळणाऱ्यांचेच हात, त्यांच्या नकळत, असं त्याने दाखवून दिलं. गंमत अशी की भुतं घालवायला निघालेल्या या माणसाने भुतांचा भलामोठा साठा मागे ठेवला. मग १९१० साली यानागितांचं ‘तोनो मोनोगातारी’ आलं. डोंगरातल्या तोनो गावच्या ११९ लहान लहान नोंदी, पहिल्या आवृत्तीच्या फक्त ३५० प्रती.

हा काळ मराठी वाचकाला वेगळ्याच कारणाने आठवेल. १९०९च्या डिसेंबरात नाशिकला कलेक्टर जॅक्सनचा वध झाला. त्याने शाळामास्तरांकडून लोकसमजुतींची टिपणं गोळा करवली होती. त्या साहित्यातून एन्थोवेन या दुसऱ्या अधिकाऱ्याने १९१५ साली कोकणच्या लोकसमजुतींचं पुस्तक काढलं, त्यात आपली भुतावळ आहे. हे आणि ‘तोनो मोनोगातारी’ अशी दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून पाहावीत. एकात परक्या अधिकाऱ्याने केलेलं वर्गीकरण आहे. दुसऱ्यात सासाकी किझेन हा गावचा तरुण सांगतो आहे आणि यानागिता ते उतरवून घेत आहेत. एकात भुतांचे प्रकार हाती लागतात, दुसऱ्यात भूत भेटलं त्या दिवशी काय झालं ते कळतं. पहिल्या भागांची टिपणं मला या दुसऱ्या जातीची हवी आहेत.

आता मालिकांकडे. २००५च्या ‘मुशिशी’पासून सुरुवात करावी असा माझा आग्रह आहे, जरी ती नवी नसली तरी. नव्याला मोजायला माप लागतं. उरुशिबारा युकी यांच्या चित्रकथेवरून नागाहामा हिरोशी यांनी दिग्दर्शित केलेल्या या मालिकेत ‘मुशी’ आहेत. ना वनस्पती, ना प्राणी. जीव जिथून सुरू होतो त्याच्या अगदी जवळचं काहीतरी. पहिल्या भागात हिरव्यागार रानातल्या घरात एक मुलगा राहतो. डाव्या हाताने तो जे काढतो ते कागदावरून उठून चालू लागतं. मुशींची जाण असलेला फिरता गिंको त्याला भेटायला येतो. कुणी किंचाळत नाही, कुणाला मारायचं नाही. भीतीऐवजी आपल्याला मिळतं ते नवल, आणि त्या नवलाखाली मुलाचं एकटेपण.

२००७च्या ‘मोनोनोके’वर जरा रेंगाळायला हवं, कारण अभ्यासाची पद्धतच या मालिकेने नाट्यात घातली आहे. नाकामुरा केन्जी यांची ही मालिका बाराच भागांची. पडदाभर जुन्या हातकागदाचा पोत आणि डोळे दिपवणारी नक्षी. एक औषधविक्या गावोगाव फिरतो. त्याच्याकडे अमानवी शक्ती छाटणारी तलवार आहे, पण तीन गोष्टी उलगडल्याशिवाय ती म्यानातून निघत नाही: त्या शक्तीचं रूप, घडलेलं सत्य आणि त्यामागचं कारण. पहिल्या कथेत पावसाळी रात्री एक गरोदर बाई सरायीत आसरा मागते. तिच्या खोलीत लहान मुलं दिसू लागतात. ही मुलं ‘झाशिकी-वाराशी’. तोनोच्या नोंदींत हा घरात नांदणारा, घराला बरकत देणारा बालयोकाई आहे. तो निघून गेला की घर बुडतं. मालिका या शुभ मुलाला उचलते आणि ती सराय पूर्वी काय होती, तिथे कोणती मुलं जन्मूच दिली गेली नाहीत, हे विचारते. नाव तेच, पण त्याखालची जखम उघडी पडते. एखाद्या शोधनिबंधाला जे जमत नाही ते इथे दोन भागांत जमलं आहे, असं माझं मत. विद्यापीठातल्या मित्रांनी राग मानू नये.

अलीकडच्यांपैकी दोन मालिका मी मुद्दाम शेजारी ठेवतो. ऑक्टोबर २०२४मध्ये आलेली ‘दानदादान’ म्हणजे नुसता धुडगूस. मोमोचा भुतांवर विश्वास आहे, परग्रहवासीयांवर नाही; तिच्या वर्गातल्या मुलाचं नेमकं उलट. पैज लागते. ती पडक्या इस्पितळात जाते, तो बोगद्यात, आणि दोघांचंही खरं निघतं. बोगद्यातली ‘टर्बो आजी’ म्हणजे गाडीच्या बरोबरीने धावणारी म्हातारी. यानागितांच्या सूचीतली नव्हे, मोटारींच्या जमान्यातल्या आख्यायिकांमधली. योकाई जागेचा असेल तर हमरस्त्यालाही आपला योकाई हवाच. पहिल्या भागातली परग्रहवासीयांनी मोमोला बांधून ठेवण्याची दृश्यं मात्र मला अनावश्यक आणि ओंगळ वाटली. ती पाहून कुणी मालिका सोडली तर मी त्याला दोष देणार नाही.

जुलै २०२५ची ‘हिकारु गेला तो उन्हाळा’ (मूळ नाव ‘हिकारु गा शिंदा नात्सु’) याच्या दुसऱ्या टोकाला. डोंगरातलं खेडं, रात्रंदिवस किरकिरणारे सिकाडा, दोन मित्र. योशिकी साधेपणाने विचारतो, तू हिकारु नाहीस ना? समोरच्याचा चेहरा विरघळतो, आतून काहीतरी सांडतं आणि गळ्यात पडून विनवतं, कुणाला सांगू नकोस. त्या ‘काहीतरी’ला नाव नाही. योशिकी ते देतही नाही. मित्राच्याच नावाने हाक मारत राहतो. पहिल्या भागातली खरी भीती तिथे आहे. कुणी घाबरून पळत नाही, कारण पळालं तर मित्र दुसऱ्यांदा जाईल. नुरिकाबेला डोळे काढण्याआधीची जागा म्हणतो ती हीच.

‘जुजुत्सु काइसेन’, ‘किमेत्सु नो याइबा’ अशा गाजलेल्या मालिकांवर टिपणं आहेत, पण थोडी. त्या युद्धकथा आहेत. राक्षस दिसला की प्रश्न एवढाच उरतो की त्याला कापायचं कसं.

‘किटारो’ मात्र टाळता येत नाही. टोएई स्टुडिओने ती जानेवारी १९६८मध्ये पहिल्यांदा पडद्यावर आणली, कृष्णधवल. मूळ नावातला ‘दफनभूमी’ हा शब्द प्रायोजकांना नकोसा वाटला, म्हणून ‘गेगेगे’. त्यानंतर १९७१, १९८५, १९९६, २००७ आणि २०१८. प्रत्येक वेळी नवी मालिका, म्हणजे सहा पहिले भाग. १९६८च्या पहिल्या भागात भुतं रात्री पोरांबरोबर बेसबॉल खेळतात. २०१८च्या पहिल्या भागात तोक्योच्या शिबुया चौकात माणसांची झाडं होतात आणि भोवतालचे फोन वर करून चित्रण करत राहतात. भूत असतं का, हा प्रश्न पहिल्यात कुणी विचारत नाही; दुसऱ्यात समोर असूनही कुणाचा विश्वास बसत नाही. या दोन भागांवर एखाद्याने प्रबंध लिहावा.

पाहण्याविषयी थोडं. पहिला भाग आधी काहीही न वाचता पाहा. क्योतोच्या जपानविद्या संशोधनकेंद्राने २००२मध्ये खुला केलेला योकाईंचा माहितीसंग्रह नंतर उघडा. मूळ आवाजात पाहा. सिकाडा, पाऊस, दार सरकण्याचा आवाज यांतच अर्धी गोष्ट असते, भाषांतरित आवाजांच्या गर्दीत ती दबते. आणि टिपण त्याच रात्री लिहा. सकाळपर्यंत तुम्ही शहाणे झालेले असता.

यानागितांच्या सूचीत आणखी एक आहे, ‘बेतोबेतो-सान’. रात्री एकटं चालताना मागून पावलं वाजतात. वळून पाहिलं तर कुणी नसतं. नाराच्या बाजूचे लोक म्हणत, घाबरू नये, वाटेच्या कडेला उभं राहावं आणि अदबीने म्हणावं, बेतोबेतो-सान, तुम्ही पुढे व्हा. मग पावलं पुढे निघून जातात. प्रस्तावना लिहिणाऱ्यालाही बराच वेळ मागून पावलं ऐकू येत असतात. मी कडेला उभा आहे. तुम्ही पुढे व्हा.