जातीने कसलेली जमीन

शब्दाचे मूळ सापडले की शब्दाचा अर्थ सापडला, ही समजूत आपल्याकडील भाषापंडितांनी इतकी घट्ट करून ठेवली आहे की चळवळीतला कार्यकर्ताही तिच्यातून सुटत नाही. 'महार' या एका शब्दाभोवती किती व्युत्पत्ती रचल्या गेल्या! जोतीराव फुल्यांनी 'महाअरी' म्हणजे मोठा शत्रू अशी फोड केली. रा. गो. भांडारकरांनी 'मृताहारी' म्हणजे मेलेले खाणारा अशी केली. जॉन विल्सनने तर 'महाराष्ट्र' म्हणजे महारांचे राष्ट्र असे मांडले. शब्द एकच, पण एकाला त्यात लढवय्या दिसला, दुसऱ्याला मेलेले ढोर दिसले, तिसऱ्याला देशाचा मूळ धनी दिसला. पाहणारा कोठे उभा राहून पाहतो, हे या व्युत्पत्त्यांतून कळते. महाराचे मूळ कळते असे मात्र मला वाटत नाही.

म्हणून मी मुळाच्या वादात न पडता पेण आणि रोहा या दोन तालुक्यांच्या जमिनीवर वापरात असलेले काही शब्द घेतो. हे शब्द तलाठ्याच्या दप्तरात आहेत, वीटभट्टीच्या मुकादमाच्या तोंडी आहेत आणि आपल्या अर्जांतही आहेत. ते कोणाच्या हातून बदलले, एवढेच येथे पाहायचे आहे.

सगळेच बदल सत्तेने होतात असेही नाही. 'आगर' घ्या. पेणच्या खारेपाटात आगर म्हणजे मिठाचे आगर; त्यावर राबणारा तो आगरी. पंडित त्याचे मूळ 'आकर' म्हणजे खाण, की 'आगार' म्हणजे घर, यावर वाद घालोत. आज पेण आगर किंवा रोहा आगर म्हटले की कोणालाही एस.टी.चा डेपोच आठवतो. या बदलात कोणाचे काही गेले नाही. कुलाबा जिल्ह्याचा १ जानेवारी १९८१ रोजी रायगड जिल्हा झाला, तेव्हाही पाट्या बदलल्या, सातबारे तसेच राहिले. पण काही शब्द असे आहेत की त्यांचा अर्थ हलला की माणसाच्या पायाखालची जमीन हलते.

'कुळ' हा त्यांतला पहिला. संस्कृतात कुल म्हणजे घराणे. त्यावरून कुलीन, कुलवंत, कुळाचार, कुळधर्म हा सगळा उच्चवर्णीय संसार उभा राहिला. पण महसुलाच्या भाषेत कुळ म्हणजे सारा भरणारे एक घर. या घरांचा हिशेब ठेवणारा तो कुळकर्णी. जमीन कसणारा तो कुळवाडी; जोतीरावांनी १८६९ च्या पोवाड्यात शिवाजीराजांना कुळवाडीभूषण म्हटले ते याच अर्थाने, आणि ते म्हणताना हा शब्द त्यांनी मुद्दाम वर उचलला. पुढे सावकाराच्या वहीत कुळ म्हणजे ऋणको, वकिलाच्या बैठकीत कुळ म्हणजे अशील आणि खोताच्या ओसरीवर कुळ म्हणजे खंडाने जमीन कसणारा. एका शब्दाची ही दोन टोके पाहा. ज्याला घराणे आहे तो कुलीन. आणि ज्याची घरादारासकट दुसऱ्याच्या वहीत नोंद आहे, ते कुळ. पहिला आपले कुळ स्वतः सांगतो, दुसऱ्याचे कुळ दुसराच मोजतो.

खोत हा मुळात सरकार आणि रयत यांच्यामधला वसुली करणारा. १८८० च्या खोती कायद्याने रत्नागिरी आणि कुलाब्याच्या खोतांचे हक्क कागदावर पक्के झाले. खोताचा वाटा पिकावर. अर्धेलीने अर्धे पीक, तिर्धेलीने तिसरा हिस्सा. धरमतरची खाडी ओलांडली की अलिबाग तालुक्यात चरी हे गाव आहे. तेथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली ऑक्टोबर १९३३ मध्ये कुळांनी जमीन न कसण्याचा निर्धार केला. हा संप १९३९ पर्यंत चालला. शेते पडीक राहिली, लोकांनी हाल सोसले, पण खोतापुढे वाकले नाहीत. डिसेंबर १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला आले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. खोती प्रत्यक्षात कायद्याने गेली ती १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्याने.

या लढ्याने 'कुळ' या शब्दाचे काय केले हे फारसे कोणी लिहिले नाही. १९३९ च्या कायद्यात 'संरक्षित कुळ' आले, १९४८ चा कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कुळ मालक होऊ लागले. ज्या शब्दाने माणूस दबत होता त्या शब्दावर तो आता हक्क सांगू लागला. 'मी कुळ आहे' हे वाक्य कचेरीत ताठ मानेने म्हणता येऊ लागले. जमीनदाराच्या तोंडी मात्र तेच 'जमिनीला कुळ लागले' असे झाले. झाडाला कीड लागावी, घराला वाळवी लागावी, तसे जमिनीला कुळ लागते! हा वाक्प्रचार आजही ऐकू येतो आणि म्हणणाऱ्याचा वर्ग तो लगेच सांगून टाकतो.

पण आपण कोण होतो या हिशेबात? चरीच्या संपातली कुळे प्रामुख्याने आगरी शेतकऱ्यांची होती. त्यांचा लढा आपला लढा होता, बाबासाहेबांनी तो आपला मानला, याबद्दल वाद नाही. मात्र कुळ ठरण्यासाठी आधी कोणीतरी तुम्हाला खंडाने जमीन द्यावी लागते. ज्या बौद्धाच्या, ज्या कातकऱ्याच्या वाट्याला फक्त मजुरी आली तो नांगर धरूनही कुळ नव्हता. 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा आपणही दिली. पण 'कसणे' म्हणजे काय हे घोषणेने ठरत नाही, कलमाने ठरते.

आणि ते कलम वाचण्यासारखे आहे. कुळकायद्याच्या मराठीत 'जातीने जमीन कसणे' असा शब्दप्रयोग आहे. जातीने म्हणजे जातीच्या माणसाने असा अर्थ एखादा शिकाऊ कार्यकर्ता करील, आणि त्याला हसण्याचे कारण नाही. येथे 'जात' हा शब्द संस्कृत 'जाति' नव्हे. तो अरबी 'जात', म्हणजे व्यक्ती, स्वतः. कोर्टात द्यावा लागतो तो जातमुचलका याच 'जात'चा. जातीने हजर राहा, जातीने लक्ष घाला, असे आपण म्हणतो तेव्हाही तोच. दोन दूरच्या भाषांतले दोन शब्द मराठीत येऊन एकमेकांत असे मिसळले की आता कानाला ते वेगळे करता येत नाहीत. जेथे माणसाची ओळख म्हणजे त्याची जात, तेथे 'स्वतः' आणि 'जात' यांना एकच उच्चार मिळावा, हा योगायोग असला तरी बोलका आहे.

आता कायदा काय म्हणतो? जातीने कसणे म्हणजे स्वतःच्या श्रमाने कसणे, कुटुंबातील माणसाच्या श्रमाने कसणे, किंवा स्वतःच्या देखरेखीखाली मजूर लावून कसणे. फक्त त्या मजुराला रोखीने वा धान्याने मजुरी द्यावी, पिकाचा वाटा देऊ नये. म्हणजे बांधावर छत्री घेऊन उभा राहणारा जातीने कसतो, आणि चिखलात गुडघाभर उतरून लावणी करणारी बाई मजुरीपुरती. तिला पिकाचा वाटा दिला तर ती उद्या कुळ म्हणून उभी राहील. म्हणून वाटा नाही, मजुरी. 'स्वतः' या शब्दात दुसऱ्याचे हात कसे मावतात ते या कलमात दिसते. आपल्याकडे किती सातबाऱ्यांवर 'खुद्द' लिहिले गेले आणि प्रत्यक्षात कोण राबले, याचा शोध शिक्षक आणि विद्यार्थी आपल्या गावापुरता घेऊ शकतात. जुने फेरफार मागता येतात, आणि राबलेली माणसे अजून थोडीफार आहेत.

'वतन' या शब्दाबद्दल फार सांगत नाही, कारण या अंकाच्या वाचकाला तो पाठ आहे. अरबीत वतन म्हणजे जन्मभूमी, माणसाचा देश. मराठीत ते वंशपरंपरेची चाकरी आणि तिच्याबद्दलची जमीन झाले. देशमुखाचे वतन म्हणजे सत्ता. महाराचे वतन म्हणजे रात्री-अपरात्री सरकारी टपाल पोचवणे, मेलेले ढोर ओढणे आणि भाकरीसाठी दारोदार फिरणे. १८७४ च्या वंशपरंपरागत अधिकाराच्या कायद्यात बदल करणारे विधेयक बाबासाहेबांनी १९२८ मध्ये आणले ते या गुलामीतून सुटण्यासाठी. अखेर १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली. जमिनी नव्या शर्तीने परत मिळाल्या, म्हणजे परवानगीशिवाय विकता येणार नाहीत अशा. महसूल खात्यात त्यांना इनाम वर्ग ६ब म्हणतात. वतन गेले, वर्ग राहिला.

'वेठ' मात्र अधिक खोल जाते. संस्कृत 'विष्टि' म्हणजे सक्तीचे फुकट श्रम. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ती राज्याच्या उत्पन्नात मोजलेली आहे. विष्टीची प्राकृतातून वेठ झाली. फारसीतून 'बिगार' आली तिचा अर्थही तोच. मराठीने दोन्ही जोडून 'वेठबिगार' केले. एक जोखड पुरेना म्हणून दुसरे बांधले म्हणा ना! यांतल्या बिगारीचा पुढे चांगला प्रवास झाला. आज मुंबईच्या बांधकामावरचा बिगारी रोज घेतो, आणि रोज बुडाला तर भांडतो. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी गुन्हा ठरली. मग ती कोठे गेली? तिने नाव बदलले. पेण, रोहा, सुधागडच्या वाड्यांतून पावसाळा सरता सरता कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर जातात ती 'उचल' घेऊन. उचल हा किती साधा, घरगुती शब्द. हातउसने म्हणतो तसा. पण ती फिटेपर्यंत भट्टी सोडता येत नाही, हिशेब मुकादमाच्या वहीत असतो, आणि हंगामाच्या शेवटी पुन्हा बाकी निघते. कायदा ज्याला वेठबिगार म्हणतो त्याला मुकादम उचल म्हणतो, आणि तपासाला आलेला अधिकारी बहुधा मुकादमाचाच शब्द लिहून नेतो.

इकडे 'वेठ' शब्दाला काय झाले? तो वर्तमानपत्रांनी उचलला. सफाई कामगार संपावर गेले की मथळा येतो, 'शहराला वेठीस धरले'. २०२१-२२ मध्ये एस.टी. कामगारांचा संप झाला तेव्हाही प्रवाशांना वेठीस धरल्याची ओरड झालीच. ज्यांच्या पूर्वजांनी वेठ वाहिली त्यांनी श्रम नाकारले की तेच वेठीस धरणारे ठरतात! पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबणाऱ्याचा शब्द त्याच्याच विरुद्ध साक्षीला उभा करण्याचे हे कसब पांढरपेशा मराठीला फार चांगले साधले आहे. आपले कार्यकर्तेही भाषणात हा वाक्प्रचार वापरतात तेव्हा मला कसेसेच होते.

कातकऱ्याचे नाव त्याच्या धंद्यावरून पडले. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून कात करणारा तो कातकरी किंवा काथोडी. इंग्रजी अमदानीत जंगल राखीव झाले, खैर तोडणे गुन्हा ठरले आणि कात गेला. नाव राहिले. नावातला धंदा कायद्याने चोरी ठरवल्यावर त्या नावाचा माणूस जन्मतःच चोर समजला जाऊ लागला. जंगलात दिसला की संशयित. आणखी एक गोष्ट. अनुसूचित जमातींच्या यादीत आजही 'सोन कातकरी' आणि 'ढोर कातकरी' असे दोन वेगळे शब्द आहेत. ढोर म्हणजे गुरे. गोमांस खाणारे म्हणून त्यांना लावलेले ते विशेषण. समाजाने दिलेली शिवी सवलतीच्या दाखल्यावर अधिकृत झाली, आणि सवलत हवी तर ती कागदावर चालवून घ्यावी लागते.

राहता राहिली 'वाडी'. कोकणात देशावरच्यासारखे गावकूस नाही. नारळ-सुपारीची ती वाडी, आणि माणसांची वस्ती तीही वाडी. प्रत्येक जातीची वेगळी, मध्ये शेत किंवा ओढा. भिंत नसतानाही अंतर ठेवता येते हे कोकणाने दाखवून दिले. १९५६ मध्ये धम्म स्वीकारल्यानंतर महारवाड्यांच्या बौद्धवाड्या झाल्या. हे नाव सरकारने दिले नव्हते, ते आपण घेतले होते. सवर्ण शेजाऱ्यांच्या तोंडी ते बसायला वर्षे गेली, काही तोंडांत अजून बसलेले नाही.

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. हेतू चांगला, समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नवी नावे सुचवली गेली. बदलायच्या नावांची उदाहरणे दिली होती त्यांत महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा यांच्याबरोबर बौद्धवाडाही होता. जात टाकण्यासाठी घेतलेले नाव चौसष्ट वर्षांनी शासनाच्या लेखी जातीचे नाव ठरले. लिहिणाऱ्याला दोष देऊन भागत नाही. गावाने 'बौद्धवाडी' हा शब्द 'महारवाडा' याच सुरात उच्चारला, आणि कारकुनाने तो सूर लिहून घेतला. बौद्धवाडीने आपले नाव ठेवावे की बदलावे हे बौद्धवाडीच्या माणसांनी बसून ठरवावे. माझे मत ठेवावे असे आहे. कातकरवाडीचा प्रश्न त्याहून वेगळा. कित्येक कातकरवाड्या गावठाणात नाहीत; त्या खाजगी मालकाच्या किंवा वनखात्याच्या जमिनीवर वसल्या आहेत, आणि मालकाने जमीन विकायला काढली की उठा म्हणायला त्याला वेळ लागत नाही. मुंबईची घरे आणि कारखाने पेण-रोह्याकडे सरकत आले तसा हा प्रसंग वारंवार येऊ लागला. २०२० चा निर्णय वाडीच्या नावापुरता होता. वाडीखालची जमीन कोणाच्या नावे आहे, हा रकाना त्यात नव्हता.