वडगावच्या जमिनीसोबत येणाऱ्या अटी

सेनापती धनाजी जाधव 1708 मध्ये वारणेकाठच्या वडगावला वारले; त्यांची समाधी आजच्या पेठ वडगावात आहे. पद मुलाला, चंद्रसेनाला मिळालं. पण धनाजींच्या पदरी महसुलाचं काम पाहणारे बाळाजी विश्वनाथ सातारच्या छत्रपती शाहूंच्या मर्जीत चढत गेले आणि 1711 मध्ये चंद्रसेन शाहूंना सोडून गेला. तेव्हाचा वारसा असाच होता: धन्याच्या मंजुरीचा आणि चाकरीच्या अटीचा. पदासोबत ती अटही संपली, आताच्या जमिनीशी तिचा काय संबंध, असं कुणी म्हणेल. कोल्हापूर संस्थानापुरतं ते बरंचसं खरं आहे. तिथल्या राजर्षी शाहू महाराजांनी 1918 मध्येच चाकरीच्या अटीवरची महार वतनं रद्द करून जमिनी रयतावा केल्या आणि माणसाला वेठीतून मोकळं केलं. मुंबई राज्यात मात्र कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा यायला 1958 उजाडलं, आणि परत दिलेल्या जमिनी नव्या शर्तीवर दिल्या. चाकरी गेली तरी सातबारावर 'भोगवटादार वर्ग 2' हे शब्द राहिले. अशी जमीन विकायला आजही अनेकदा सरकारची परवानगी आणि नजराणा लागतो.

मृत्यूनंतरचा कर, म्हणजे 1953 चा इस्टेट ड्युटी कायदा, 1985 मध्ये गेला. मग काळजी कसली, हा दुसरा आक्षेप. वारसाने मिळालेल्या जमिनीवर प्राप्तिकर लागत नाही, हे बरोबर. पण तो विक्रीच्या वेळी गाठतो. वडगावला नगरपरिषद आहे. तिच्या हद्दीतली शेतजमीन, आणि हद्दीपासून सरळ रेषेत 2 किलोमीटरपर्यंतचीही, भांडवली मालमत्ता ठरते. नफा मोजताना वडिलांची किंवा आजोबांची खरेदी किंमत धरतात. खरेदी 1 एप्रिल 2001 पूर्वीची असेल तर त्या दिवशीचं मूल्य धरता येतं. जुने कागद जपले नसतील तर तिथेच फटका बसतो.

घरातला हिशेब याहून अवघड. महाराष्ट्राने 1994 मध्ये अविवाहित मुलींना, केंद्राने 2005 मध्ये सर्वच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध वाटा दिला. वडील तेव्हा हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. तरी वारसाची नोंद घालताना बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवलं जातं. तिच्या लग्नात खर्च झाला, हे कारण सांगतात. लग्नाचा खर्च म्हणजे वाटणी नव्हे. शिवाय सही घेणारा भाऊ बहिणीच्या वाट्याचा नफाही आपल्या नावावर घेतो आणि विक्रीचा सगळा कर एकटाच भरतो. चार नावं सातबारावर राहिली, तर तोच नफा चौघांत विभागला जातो.