मनूचे भांडे आणि काचेची पेटी

'शतपथ ब्राह्मणा'तील मनू आणि मत्स्य यांची कथा मिथकांच्या तासाला आम्ही अनेक वर्षे प्रलयाची कथा म्हणून शिकवत आलो. सकाळी हात धुण्यासाठी आणलेल्या पाण्यात मनूच्या हाती एक लहानसा मासा लागतो. मला वाढव, मी तुला तारीन, असे तो म्हणतो. पुढे नौका येते, माशाच्या शिंगाला बांधलेला दोर येतो, उत्तरेचा पर्वत येतो आणि विद्यार्थ्यांचे लक्ष साहजिकच तिकडे जाते. त्याआधी मासा आपल्या संगोपनाचा जो क्रम सांगतो, त्याकडे आमचेही लक्ष फार उशिरा गेले. लहान असेपर्यंत मासाच माशाला गिळतो, म्हणून मला प्रथम भांड्यात ठेव. भांड्यात मावेनासा झालो की खड्डा खणून त्यात ठेव. त्यातही मावेनासा झालो की समुद्रात ने. जलचर पाळण्याची याहून जुनी गोष्ट आमच्या वाचनात आलेली नाही. पाळण्याच्या अटी तिच्यात पहिल्याच दिवशी ठरलेल्या आहेत. पात्र तात्पुरते आहे आणि जीव वाढणार आहे, हे दोघांनाही ठाऊक आहे.

ही कथा नव्याने वाचण्यास कारण झाली ती आमच्या यवतमाळच्या घरातील एक काचेची पेटी. २०११ साली मुलाच्या हट्टापायी नागपूरहून दोन हिरवी कासवे आणली. जुन्या रुपयाएवढी होती. 'एवढीच राहतात' असे विक्रेत्याने सांगितले आणि आम्ही ते मानले. दोघेही मराठीचे अध्यापक. शब्दावर विश्वास ठेवण्याची आम्हाला सवय. गावातल्या काचवाल्याकडून तीन फूट लांब, दीड फूट रुंद पेटी करून घेतली. एका बाजूला नाल्यातले गोटे रचून उतरती जमीन केली, उरलेल्या भागात पाणी भरले, पाण्यात गप्पी मासे सोडले. मत्स्यालय आणि सरीसृपांचे घर एकाच काचेत, अशी ती रचना होती. आपण काही नवे करत आहोत, असे तेव्हा वाटले होते. इतिहास वाचल्यावर कळले की ही दोन घरे मुळात एकाच शब्दात नांदत होती.

घरातल्या काचपेटीचा आधुनिक इतिहास वनस्पतीपासून सुरू होतो. लंडनचे डॉक्टर नथॅनियल वॉर्ड यांनी १८२९ च्या सुमारास एका पतंगाचा कोश बाटलीत, ओलसर मातीत बंद करून ठेवला होता. पतंगाकडे पाहता पाहता त्यांना दिसले की बंद बाटलीतल्या मातीतून नेचे आणि गवत उगवले आहे. बाहेरच्या धुरकट हवेत जे नेचे तगत नव्हते, ते काचेआड वाढत होते. त्यातून 'वॉर्डची पेटी' निघाली, आणि १८४२ साली त्यांचे त्या विषयावरील पुस्तक आले. चीनमधील चहाची रोपे रॉबर्ट फॉर्च्यून यांनी हिमालयाच्या पायथ्याशी आणली, ती याच पेट्यांतून. आपल्या कपातल्या चहाच्या इतिहासात ही काच अशी आहे.

पाण्याची पाळी त्यानंतर आली. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८४९ मध्ये काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. वनस्पतीचा प्राणवायू माशांना मिळाला, पण कुजणाऱ्या पानांनी पाणी गढुळले. मग त्याने गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली आणि पाणी निवळले. वनस्पती, मासा आणि गोगलगाय यांचा समतोल साधला की पाणी वारंवार बदलावे लागत नाही, हा निष्कर्ष त्याने १८५० साली मांडला. इंग्लंडमध्ये काचेवरील कर १८४५ साली उठला होता, त्यामुळे काच मध्यमवर्गाच्या आवाक्यात येत चालली होती. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ साली सरीसृपांचे दालन उघडले आणि १८५३ साली माशांचे. अशा पाणपेटीला तेव्हा 'ॲक्वा-व्हिव्हेरियम' म्हणत. व्हिव्हेरियम म्हणजे लॅटिनमध्ये जिवंत प्राणी राखण्याची जागा. फिलिप हेन्री गॉस यांनी १८५४ मध्ये आपल्या पुस्तकाला 'द ॲक्वेरियम' हे नाव दिले, तो आटोपशीर शब्द रूढ झाला आणि पाण्याचे घर जमिनीच्या घरापासून वेगळे पडले.

साहित्याच्या विद्यार्थ्याला गॉस हे नाव दुसऱ्या वाटेने ठाऊक असते. त्यांचे पुत्र एडमंड गॉस यांचे 'फादर अँड सन' (१९०७) हे आत्मकथन इंग्रजी गद्यातील मान्यवर पुस्तक आहे. वडिलांच्या पुस्तकांनी भारावलेली माणसे समुद्रकाठच्या खडकांतील डबक्यांवर कशी तुटून पडली आणि ती डबी कशी ओस पडली, हे त्यात लिहिले आहे. त्या नाशाचे दुःख वडिलांना किती झाले, हेही लिहिले आहे. ज्याने समुद्राविषयी प्रेम निर्माण केले, त्याच्याच शब्दांनी समुद्रकाठ लुटला गेला. काचपेटीच्या इतिहासातील ही पहिली शोकांतिका म्हणावी लागेल.

आपल्याकडे काचेतला मासा सार्वजनिक झाला तो मुंबईत, १९५१ साली मरिन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले तेव्हा. सरीसृपांसाठी पुण्यात कात्रजचे सर्पोद्यान १९८६ साली उभे राहिले. मात्र साप पात्रात ठेवण्याची रीत महाराष्ट्रात त्याहून कितीतरी जुनी. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्यात नागपंचमीच्या आधी नाग पकडत, मडक्यांत ठेवत, पूजा-मिरवणूक झाली की पुन्हा रानात सोडत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या आधारे न्यायालयाने पुढे या प्रथेला मनाई केली. नागांचे हाल होत, हे नाकारता येणार नाही आणि प्रथेचे समर्थन आम्हाला करायचे नाही. एवढेच नोंदवायचे आहे की मडक्यातही मनूच्या भांड्याची अट टिकून होती: ठेवणाऱ्याला सोडण्याचा दिवस ठाऊक होता.

वॉरिंग्टनच्या समतोलाने ही अट नकळत पुसली. पेटी स्वयंपूर्ण आहे, आतले जग आतल्या आत चालते, असे एकदा ठरले की सोडण्याचा प्रश्नच उरत नाही. जीव वाढला तर काय, हे विचारण्याचे कारण राहत नाही.

आमच्या पेटीत तो समतोल कधीच आला नाही. गप्पी एकेक करून नाहीसे झाले. ते कासवांच्या पोटात गेले हे कळायला आठवडा लागला. कासवांच्या विष्ठेतून पाण्यात अमोनिया साठतो. त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू गाळणीत वस्ती करतात. त्यांना वेळ लागतो आणि वाहते, हवेशीर पाणी लागते. २०१२ च्या मे महिन्यात भारनियमन सुरू होते. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यात पंप तासन् तास बंद. उरलेसुरले मासे एका दुपारी वर तरंगले. कासवे हवेत श्वास घेतात म्हणून गोट्यांवर चढून वाचली.

पुढल्या वर्षी त्यांतले एक गेले. कवच मऊ पडत गेले होते. कवचासाठी कॅल्शियम लागते, ते शरीरात मुरण्यासाठी 'ड' जीवनसत्त्व लागते आणि ते कातडीत तयार होण्यासाठी सूर्यकिरणांतील अतिनील 'ब' किरण लागतात. ऊन मिळावे म्हणूनच आम्ही पेटी पूर्वेच्या खिडकीत, बंद तावदानाआड ठेवली होती. साध्या काचेतून हे किरण जवळजवळ पार होतच नाहीत, हे आम्हाला माहीत नव्हते. रोज सकाळी सोनेरी उन्हात न्हालेली कासवे पाहून आम्हाला समाधान वाटे, आणि त्या उन्हातले त्यांच्या उपयोगाचे तेवढे काचेबाहेरच राहत होते. काचेने आम्हाला पाहू दिले. पाहणे म्हणजे जाणणे, अशी आमची समजूत झाली.

उरलेली मादी आज जवळजवळ एक फूट लांब आहे. अंगणात विटा-सिमेंटचे टाके बांधून तिला त्यात ठेवले आहे. एका कडेला माती आणि ऊन, दुसरीकडे कण्हेरीची सावली. तिची जात रेड इअर्ड स्लायडर, मूळ अमेरिकेतली. तीस वर्षे आणि त्याहूनही अधिक जगणारी. 'निळोण्याच्या तलावात सोडून द्या, पुण्य लागेल' असे शेजारी प्रेमाने सांगतात. पण जगातील सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक जातींच्या यादीत या कासवाचा समावेश आहे. जिथे सुटते तिथे स्थानिक कासवांचे अन्न आणि उन्हाच्या जागा बळकावते. देशी कासव घरात ठेवणे कायद्याने गुन्हा आहे, आणि विदेशी कासव बाहेर सोडणे हा आपल्या नद्या-तलावांशी द्रोह आहे. मनूच्या कथेतली तिसरी पायरी आम्हाला बंद आहे.

आता हा पाठ शिकवताना आम्ही नौकेपाशी घाई करत नाही. खड्ड्यापाशी थांबतो. भांडे आणि समुद्र यांच्यामधला हा खड्डा कोणी, किती दिवस खणला, याविषयी कथा काही बोलत नाही. मनूनेच खणला असणार. माशाने तारण्याचे वचन दिले होते, म्हणून त्याला ते श्रम जड गेले नसतील. आमच्या कासवाने आम्हाला कसलेही वचन दिलेले नाही. खड्डा मात्र आम्हालाच राखायचा आहे, आणि हिशेब केला तर आमच्या निवृत्तीनंतरही काही उन्हाळे त्यात पाणी भरावे लागेल.