खर्ड्याचे पाणी आणि फियाटचे इंजिन

खर्डा म्हटले की शाळेतल्या मुलांना ११ मार्च १७९५ ही तारीख आठवते. मी ती लढाई वर्गात शिकवतो, तेव्हा मुले तलवारी नि तोफांच्या गोष्टींसाठी कान टवकारून बसतात. मोहरी घाट उतरून आलेली निजामाची फौज, परशुरामभाऊ पटवर्धनांच्या हाताखाली एकवटलेले मराठे सरदार, हे सारे मी सांगतोच. पण त्या लढाईतले एक मोठे पात्र मुलांच्या ध्यानात येत नाही. ते म्हणजे पाणी. रात्रीच्या गोंधळात निजाम खर्ड्याच्या किल्ल्याच्या आश्रयाला आला, मराठ्यांनी त्याला वेढले, आणि पाण्यावाचून त्याच्या फौजेचा जीव कासावीस झाला. थोड्याच दिवसांत तो तहाला तयार झाला. हत्ती होते, तोफा होत्या, खजिना होता. पुरेसे पाणी तेवढे नव्हते.

मोटारीचेही असेच असते. ती बंद पडते ती बहुधा मोठ्या कारणाने नव्हे, दुर्लक्षिलेल्या लहान कारणाने.

आमच्या जिल्ह्यात सामान्य माणसाची मोटार म्हणजे एस.टी. तिची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावरच धावली. घरची मोटार ही फार पुढची गोष्ट. मोटारी या देशातच तयार व्हाव्यात, असा ध्यास सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी घेतला. परकीय सरकारने त्या उद्योगाला हात दिला नाही, तरी १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला, ‘अकराशे’ आली, आणि १९७४ च्या सुमारास तिचीच ‘पद्मिनी’ झाली. पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहावी, तेव्हा ती दारात यायची. एवढ्या प्रतीक्षेने आलेली वस्तू माणूस तळहातावरच्या फोडासारखी जपतो!

माझ्या लहानपणी गावातल्या एका डॉक्टरांकडे अशी फियाट होती. गाडीचे काही बिघडले तर दुरुस्तीला थेट नगर गाठावे लागे. म्हणून डॉक्टर स्वतःच अर्धे मिस्तरी झाले होते. घाट चढून आल्यावर ते बॉनेट उघडून ठेवीत आणि आम्हा पोरांना बजावीत, “बाळांनो, लांब उभे राहा. त्या झाकणाला हात लावाल तर कातडी सोलून निघेल.”

त्यांचे म्हणणे खरे होते. पद्मिनीच्या १०८९ घनसेंटिमीटरच्या चार नळकांड्यांत पेट्रोल जळते, पण त्याची थोडीच शक्ती चाकांपर्यंत पोचते. साधारण तिसरा हिस्सा उष्णता होऊन इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यात जातो. ते पाणी पंप फिरवतो, पंपाला पट्टा फिरवतो, आणि रेडिएटरमध्ये वारा त्याला निववतो. पट्टा सैल झाला की पंप मंदावतो, पाणी उकळते, झाकणाखाली वाफ दाटते. अशा वेळी घाईने झाकण उघडणारा भाजतो, आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतणारा धातूला तडा पाडून घेतो. उन्हाळ्यात पेट्रोलच्या पंपातच इंधनाची वाफ होई. मग त्यावर ओले फडके ठेवून सावलीत बसायचे. थांबणे हाही त्या काळी चालवण्याचाच एक भाग होता.

त्या गाडीचे मी कौतुक केले, म्हणून तिचे दोष झाकत नाही. तिचे ब्रेक आजच्या मानाने दुबळे, गिअर पाडायला हाताला ताकद लागे, आणि गिऱ्हाईकाला निवड अशी फारशी नव्हतीच. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला, त्यात नवल काय! या शतकाच्या आरंभी पद्मिनीचे उत्पादन थांबले; २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून तिची टॅक्सीही गेली.

आजची गाडी अधिक सुरक्षित आहे, आणि बॉनेट न उघडताही वर्षभर चालते. धोका आहे तो इथेच. तांबडा दिवा लागला तरी “पुढच्या गावात बघू” म्हणणारे मालक मी पाहिले आहेत. दहा मिनिटांत इंजिन जाम होते, आणि रात्रीच्या घाटात बायकापोरे रस्त्यावर उभी राहतात. तिथे मागून येणारा ट्रक कोणाची वाट पाहत नाही.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत गावी निघण्यापूर्वी सकाळी, इंजिन गार असताना, शीतक द्रवाची पातळी बघा. खाली ठिपके पडलेत का, पट्ट्याला चिरा आहेत का, तेही बघा. वाटेत काटा तांबड्याकडे सरकला तर वातानुकूलन बंद करून हीटर लावा, म्हणजे इंजिनाची थोडी उष्णता आत ओढली जाईल. आणि सुरक्षित जागा दिसताच रस्त्याच्या कडेला थांबा. इंजिन निवेपर्यंत झाकणाला हात लावू नका. मुले कंटाळतील, तर त्यांना निजामाची गोष्ट सांगा. ती सांगून होईतो इंजिनही बरेचसे निवलेले असेल.