२१६ विरुद्ध २१४ : एका निसटत्या विजयाचा घटनाक्रम

निवडणूक लागली की गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेऱ्यात परवान्याच्या बंदुकीला आधी पोलीस ठाण्याची वाट धरावी लागते. जिल्ह्याच्या छाननी समितीने यादी काढली, की नाव असलेला परवानाधारक बंदूक ठाण्यात जमा करतो, पावती खिशात घालतो आणि मोकळ्या हाताने मतदानाला जातो. इथल्या अहेरी मतदारसंघात मतदानाची वेळही सकाळी सात ते दुपारी तीन अशी आखूड असते, तीही नक्षलवाद्यांच्या बंदुकीच्याच धास्तीने. आपल्याकडे मतदानाच्या वाटेतून बंदूक अशी बाजूला काढून ठेवतात.

अमेरिकेत १९९४ साली याच्या नेमकं उलटं घडलं. बंदुका घरातच राहिल्या आणि बंदूकवाले त्यांच्यासाठी मत द्यायला बाहेर पडले. त्यांच्या रागाला निमित्त होतं दोन मतांच्या फरकाने मंजूर झालेलं एक विधेयक. ते मंजूर करणाऱ्या पक्षावर १८७ दिवसांनी निवडणुकीची जी रात्र आली, तिच्याकडे नेणारा हा घटनाक्रम.

१६ ऑक्टोबर १९९१, दुपारी साडेबारानंतर (उरले १११९ दिवस)

टेक्सासमधलं किलीन. जेवणाच्या वेळी गजबजलेल्या ल्यूबीज कॅफेटेरियाची काच फोडून एक पिकअप गाडी आत घुसते. चालक खाली उतरून गोळ्या झाडू लागतो. २३ माणसं मारली जातात.

एका टेबलाशी सुझाना ग्रॅशिया आई-वडिलांसोबत जेवायला बसलेली असते. तिच्याकडे स्वतःचं रिव्हॉल्व्हर आहे. हात पर्सकडे जातो आणि तिला आठवतं, रिव्हॉल्व्हर गाडीत आहे. टेक्सासच्या तेव्हाच्या कायद्याने ते लपवून जवळ बाळगणं गुन्हा होता. पकडलो गेलो तर व्यवसायाचा परवाना जाईल, म्हणून ती ते गाडीतच ठेवत असे. वडील हल्लेखोरावर धावून जातात आणि पडतात. सुझाना खिडकीतून बाहेर निसटते. आई मात्र नवऱ्याजवळच थांबते. तीही वाचत नाही.

बंदूकबंदीच्या बाजूचे लोक या घटनेकडे बोट दाखवून म्हणाले, अशी शस्त्रं बाजारात नकोत. सुझानाने उलट निष्कर्ष काढला : माझी बंदूक माझ्याजवळ असायला हवी होती. पुढे ती टेक्सासच्या विधिमंडळात निवडून गेली. एकाच दुपारच्या घटनेतून देशाने दोन धडे घेतले आणि दोन्ही बाजूंना आपलाच खरा वाटला.

१७ ऑक्टोबर १९९१ (उरले १११८ दिवस)

किलीनच्या दुसऱ्याच दिवशी प्रतिनिधीगृहात लष्करी धाटणीच्या सेमी-ऑटोमॅटिक बंदुकांवरच्या बंदीचा प्रश्न मतदानाला येतो. बंदीचं कलम २४७ विरुद्ध १७७ मतांनी वगळलं जातं. बंदूकवाल्यांना या दिवशी रागावण्याचं कारण नाही. फरक ७० मतांचा आहे.

१ जुलै १९९३, दुपारी तीनच्या सुमारास (उरले ४९५ दिवस)

सॅन फ्रान्सिस्को, १०१ कॅलिफोर्निया स्ट्रीट. उंच इमारतीतल्या वकिलांच्या कचेरीत एक माणूस सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलं घेऊन शिरतो. आठ जण मरतात, शेवटी तो स्वतःला संपवतो.

हे शहर सिनेटर डायॅन फाइनस्टाइन यांचं. लष्करी धाटणीच्या बंदुकांवर बंदीची दुरुस्ती त्या सिनेटमध्ये आणतात. आयडाहोचे सिनेटर लॅरी क्रेग त्यांना भर सभागृहात सुचवतात, बंदुकांची जरा नीट माहिती करून घ्या. त्यावर फाइनस्टाइन १९७८ सालची गोष्ट सांगतात. त्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरभवनात महापौर जॉर्ज मॉस्कोनी आणि नगर पर्यवेक्षक हार्वी मिल्क यांना गोळ्या घातल्या गेल्या. मिल्क यांची नाडी चाचपताना फाइनस्टाइन यांचं बोट गोळीच्या जखमेत गेलं होतं. नोव्हेंबर १९९३ मध्ये सिनेट दुरुस्ती मान्य करते. आता प्रश्न प्रतिनिधीगृहाचा.

३ मे १९९४ (उरले १८९ दिवस)

फोर्ड, कार्टर आणि रेगन या तीन माजी राष्ट्राध्यक्षांच्या सहीचं पत्र प्रतिनिधींच्या हाती पडतं : बंदीला पाठिंबा द्या. रेगन स्वतः बंदूकवाल्यांचे लाडके. १९८१ मध्ये त्यांनी स्वतः गोळी झेललेली. रिपब्लिकन पक्षातले ज्येष्ठ हेन्री हाइड मत बदलतात. तरीही आकडा जुळत नाही.

याच वेळी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षातले बुजुर्ग हवालदिल आहेत. सभापती टॉम फोली आणि न्यायविषयक समितीचे अध्यक्ष जॅक ब्रुक्स यांना ही बंदी नकोच आहे. दोघांच्या मतदारसंघांत शिकारी मतदार आहेत. गावाकडचा वारा त्यांना ठाऊक आहे.

५ मे १९९४ : मतदानाची १५ मिनिटं (उरले १८७ दिवस)

सभासद आपापली कार्डं यंत्रात घालतात. भिंतीवरच्या फलकावर नावापुढे हिरवा किंवा लाल दिवा लागतो. दोन्ही आकडे एकमेकांना घासून चढत जातात. न्यू हॅम्पशायरचे डिक स्वेट हिरव्या बाजूला येतात. त्यांच्यासाठी रेगन यांनी खास शब्द टाकला होता. इंडियानाचे अँडी जेकब्स आधी विरोधात मत नोंदवतात. कोरियाच्या युद्धात लढलेला हा माणूस अगदी शेवटच्या क्षणी मत फिरवतो.

२१६ विरुद्ध २१४.

बाजूने १७७ डेमोक्रॅट, ३८ रिपब्लिकन आणि एक अपक्ष. विरोधात १३७ रिपब्लिकन आणि ७७ डेमोक्रॅट. बाजूच्या एकाच माणसाने मत फिरवलं असतं तर बरोबरी होऊन विधेयक पडलं असतं. त्यामुळे बाजूने पडलेलं प्रत्येक मत निर्णायक ठरलं. बंदूकवाल्यांना २१६ जणांमधल्या कुणालाही म्हणता येत होतं : तुझ्यामुळेच. मोठ्या फरकाने हरलेला माणूस नशिबाला बोल लावतो. दोन मतांनी हरलेला नावं लिहून ठेवतो. नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकवाल्यांच्या संघटनेकडे लाखो सभासद, घरोघरी पोचणारी मासिकं आणि प्रत्येक खासदाराच्या मतांची नोंद होती. यादी त्यांना शोधावी लागली नाही. सभागृहाच्या फलकानेच ती करून दिली.

२० जून १९९४, दुपारी तीनच्या सुमारास (उरले १४१ दिवस)

वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेनजवळचा फेअरचाइल्ड हवाई तळ. सेवेतून काढलेला एक तरुण एके-४७ च्या धाटणीची रायफल घेऊन तळावरच्या रुग्णालयात शिरतो. चार जणांचा जीव जातो, त्यात आठ वर्षांची एक मुलगी. सायकलवरून धावत आलेला लष्करी पोलीस सुमारे ७० यार्डांवरून पिस्तूल झाडून त्याला पाडतो.

हा तळ सभापती फोली यांच्याच मतदारसंघात आहे. बंदुकांच्या बाबतीत जन्मभर बंदूकवाल्यांच्या बाजूने उभा राहिलेला हा नेता आता बंदीला पाठिंबा देतो. रायफल असोसिएशन त्यांच्याविरुद्ध उतरते. अभिनेते चार्लटन हेस्टन यांचा चेहरा जाहिरातीत झळकतो.

११ ऑगस्ट १९९४ (उरले ८९ दिवस)

बंदी आता मोठ्या गुन्हेगारीविरोधी विधेयकाचा भाग आहे. ते चर्चेला घ्यावं की नाही, याच मतदानात सरकार २१० विरुद्ध २२५ असं हरतं. स्वतःच्या पक्षाचे ५८ जण साथ सोडतात. इथे थांबायची संधी होती. बंदी वगळली असती तर बाकीचं विधेयक सुटलं असतं. क्लिंटन वगळत नाहीत. दहा दिवसांनी, २१ ऑगस्टच्या रविवारी, विधेयक २३५ विरुद्ध १९५ मतांनी पार पडतं.

१३ सप्टेंबर १९९४ (उरले ५६ दिवस)

क्लिंटन सही करतात. कायद्यात काय आहे ते नीट पाहायला हवं, कारण सगळी गोम तिथेच आहे. १९ प्रकारच्या बंदुकांची नावं घेऊन बंदी. शिवाय काढता येणारं मॅगझीन असलेल्या रायफलला पिस्तुलासारखी मूठ, घडीचा दस्ता, नळीच्या तोंडाशी ज्वाला लपवणारी नळी अशा ठरावीक गोष्टींपैकी दोन असल्या तर बंदी. दहापेक्षा जास्त गोळ्यांचं नवं मॅगझीन बंद. शिकारीच्या सुमारे ६५० बंदुकांना नावानिशी अभय. आणि मुदत दहा वर्षं.

लोकांच्या घरात आधीपासून असलेल्या बंदुकांना मात्र हातही लावलेला नाही. त्या ठेवता येतात, विकता येतात. कारखान्यांनी बंदीपूर्वी धडाक्यात माल काढला, भाव चढले. दोन खुणांपैकी एक घासून काढली की तीच रायफल पुन्हा कायदेशीर. म्हणजे ज्या बंदुकीपायी हा सारा कालवा झाला, ती कपाटात होती तिथेच राहिली. सरकार दार ठोठवायला येणार, ही भीती तेवढी घराघरात शिरली.

सप्टेंबर १९९४

पहिला इशारा ओक्लाहोमातून येतो. आठ वेळा निवडून गेलेले माइक सिनार पक्षांतर्गत लढतीतच हरतात, तेही एका निवृत्त मुख्याध्यापकाकडून. बंदूकवाल्यांशी सिनार कधीच मऊ बोलले नव्हते.

८ नोव्हेंबर १९९४ : शेवटचे तास

*सायंकाळी ७, पूर्व किनारा.* अनेक राज्यांत मतदान संपतं. मुलचेऱ्यात तेव्हा ९ तारखेच्या पहाटेचे साडेपाच. धानाची कापणी सुरू असण्याचे दिवस.

*रात्री ८.* टेक्सासच्या बहुतेक भागात आणि कॅन्ससमध्ये मतपेट्या बंद होतात. कॅन्ससमधून डेमोक्रॅट डॅन ग्लिकमन हरतात, न्यू हॅम्पशायरमधून डिक स्वेट.

टेक्सासमधून जॅक ब्रुक्स हरतात. ४२ वर्षांची खासदारकी. केनेडींचा खून झाला त्या दिवशी विमानात जॉन्सन राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतानाचा जो फोटो जगाने पाहिला, त्यात मागे ब्रुक्स उभे दिसतात. स्वतः रायफल असोसिएशनचे सभासद. ५ मे रोजी त्यांनी बंदीच्या विरोधातच मत दिलं होतं. पण पुढे आख्खं विधेयक पार करताना ते बाजूने उभे राहिले आणि बंदूकवाल्यांनी तेवढंच लक्षात ठेवलं.

*रात्री ११.* वॉशिंग्टन राज्यात मतदान संपतं. मुलचेऱ्यात सकाळचे साडेनऊ. फोली पिछाडीवर आहेत. दुसऱ्या दिवशी ते हार मान्य करतात, सुमारे चार हजार मतांनी. पदावर असलेला सभापती स्वतःच्या मतदारसंघात हरण्याची वेळ १८६२ नंतर प्रथमच आली होती.

हिशेब : प्रतिनिधीगृहात डेमोक्रॅटांच्या ५४ जागा गेल्या, सिनेटमध्ये आठ. प्रतिनिधीगृहातली चाळीस वर्षांची सत्ता एका रात्रीत संपली.

त्यानंतर

सगळा दोष बंदुकीच्या माथी मारणं खरं नाही. करवाढ, फसलेली आरोग्य योजना, खासदारांचे घोटाळे, हे सगळं त्या रात्रीत होतं. मतदारांनी मंजूर केलेल्या, खासदारकीच्या कालावधीवरच्या मर्यादेविरुद्ध फोली स्वतः न्यायालयात गेले होते, तेही त्यांना भोवलं. शिवाय किलीन ज्यांच्या मतदारसंघात होतं ते चेट एडवर्ड्स गोळीबारानंतर बंदीच्या बाजूला वळले आणि तरीही त्या रात्री तरले. पण क्लिंटन यांनी हारीचं मोठं श्रेय रायफल असोसिएशनलाच दिलं, आणि राजकारणात कारणापेक्षा कारणाबद्दलची समजूत जास्त काळ टिकते. पुढची अनेक वर्षं डेमोक्रॅट उमेदवार बंदुकीचं नाव काढताना दहादा विचार करू लागले.

इथे आपल्याकडचा विरोधाभास डोळ्यांत भरतो. डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि माणशी तीन बंदुकांची मर्यादा दोनवर आली. सरकारने आधी एकच ठेवायचं ठरवलं होतं, परवानाधारकांच्या ओरडीनंतर दोन झाल्या. दोन्ही सभागृहांत आवाजी मतदान झालं. कोण बाजूने, कोण विरोधात, याची नावानिशी नोंदच नाही. भरमार बंदुकांची गोष्ट तर त्याहून वेगळी. नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायची ही बिनपरवान्याची शिकारी बंदूक गडचिरोलीच्या गावांतून लोक पोलिसांकडे आणून देतात. त्यामागे समजावणी असते आणि धाकही असतो. मतमोजणी मात्र कुठेच नसते. राग येत नाही असं नाही, पण तो कुणाच्या नावाने धरायचा हे कळत नाही. लोकशाही म्हणून अमेरिकेचा मार्ग अधिक उघडा आहे, आणि म्हणूनच त्याची किंमत नावानिशी वसूल होते.

क्लिंटन यांच्या बाजूची चूक दोन मतांनी जिंकण्यात नव्हती. एवढ्या अरुंद विजयावर त्यांनी उभा केलेला कायदा बंदूकवाल्याला पुरता डिवचत होता आणि त्याच्या कपाटापर्यंत मात्र पोचत नव्हता. विरोधकांना त्याने राग दिला, समर्थकांना दाखवण्याजोगं फळ दिलं नाही. मार्च १९९६ मध्ये नव्या प्रतिनिधीगृहाने बंदी रद्द करण्याच्या बाजूने २३९ विरुद्ध १७३ असं मतदान केलं. सिनेटने ते पुढे नेलं नाही. १३ सप्टेंबर २००४ रोजी दहा वर्षांची मुदत संपली आणि कुणी ती वाढवली नाही.

१४ डिसेंबर २०१२ रोजी सँडी हूकच्या प्राथमिक शाळेत २० मुलं आणि सहा मोठी माणसं मारली गेली. हल्लेखोराच्या आईने कायदेशीररीत्या विकत घेतलेल्या रायफलने. चार महिन्यांनी, १७ एप्रिल २०१३ रोजी, बंदी पुन्हा आणण्याचा प्रस्ताव सिनेटमध्ये आला. मांडणाऱ्या त्याच, डायॅन फाइनस्टाइन. बाजूने ४० मतं पडली, विरोधात ६०. विरोधकांमध्ये त्यांच्याच पक्षाचे सिनेटरही होते. त्यातल्या अनेकांना पुढच्या निवडणुकीत बंदूकवाल्यांच्या राज्यांतून मतं मागायची होती.