शत्रूच्या गावातला वार्ताहर

मंडळी, भिंगारला व्याख्यान द्यायचं आणि रणगाड्याचं नाव घ्यायचं नाही, हे काही बरं दिसणार नाही. तुमच्या शेजारीच, नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये, ‘फामागुस्ता’ नावाचा एक सेंच्युरियन रणगाडा जपून ठेवलेला आहे. पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत याच रणगाड्यात धारातीर्थी पडले. वय अवघं २१. त्यांना परमवीरचक्र मिळालं, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असेल.

पुढची हकीकत मात्र सगळ्यांना माहीत नसते. २००१ साली अरुणचे वडील, ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, आपलं मूळ गाव सरगोधा एकदा पाहावं म्हणून पाकिस्तानात गेले. तेव्हा त्यांचं वय ८१. लाहोरला ते ख्वाजा मोहम्मद नासेर या निवृत्त ब्रिगेडियरांच्या घरी उतरले होते. सरबराई उत्तम झाली. आणि निघायची वेळ आली तेव्हा यजमानांनी सांगितलं, की तुमचा मुलगा माझ्या हातून मारला गेला.

ही गोष्ट तुम्हाआम्हाला कळली कशी? सरकारी निवेदनातून नव्हे. ती पुढे वर्तमानपत्रांत आली, म्हणून कळली. तर वैरी देशांना एकमेकांची ओळख करून देण्यात मोकळ्या वर्तमानपत्राचा हात किती, एवढंच आज पाहायचं आहे.

१९७१ साली आम्ही कॉलेजच्या वयाचे होतो. पाकिस्तान म्हणजे आम्हाला काय ठाऊक? याह्याखान आणि रेडिओवरच्या बातम्या. तिकडे राहणारा माणूस खातो काय, त्याला कशाची लाज वाटते, हा प्रश्नच डोक्यात आला नव्हता. आता खरं सांगायचं तर तिकडच्या लोकांचीही तीच गत होती. २५ मार्चच्या रात्री ढाक्यात लष्करी कारवाई सुरू झाली, परदेशी पत्रकारांना बाहेर काढलं गेलं आणि पश्चिम पाकिस्तानात छापून येणारी ओळन् ओळ लष्करी सेन्सॉरच्या हाताखालून जाऊ लागली.

अशा वेळी एक माणूस उभा राहिला, आणि तो जन्मानं आपल्या बेळगावचा निघाला. अँथनी मस्करेन्हस. आईवडील गोव्याचे, जन्म बेळगावात १९२८ साली, शिक्षण कराचीत. कराचीच्या ‘मॉर्निंग न्यूज’मध्ये ते सहसंपादक होते, म्हणजे चांगले पोटापाण्याला लागलेले, पाकिस्तानी नागरिक. एप्रिल १९७१ मध्ये लष्करानं आठ पत्रकारांना पूर्व पाकिस्तानच्या दौऱ्यावर नेलं. सगळं कसं सुरळीत आहे ते पाहा आणि लिहा, असा हेतू. बाकीच्यांनी सांगितलं तसं लिहिलं. आम्ही त्यांना नावं ठेवणार नाही. घरी बायकापोरं असलेल्या माणसाला सेन्सॉरसमोर शौर्य दाखवा म्हणणं इथे खुर्चीवर बसून सोपं आहे.

मस्करेन्हसनाही बायको आणि पाच मुलं होतीच. पाहिलेलं लिहायचं, तर ते पाकिस्तानात शक्य नव्हतं. बहीण आजारी आहे असं सांगून ते लंडनला गेले आणि ‘संडे टाइम्स’चे संपादक हॅरॉल्ड इव्हान्स यांना भेटले. इव्हान्स छापायला तयार झाले, पण कुटुंब कराचीत असताना छापणार कसं? म्हणून हा गृहस्थ पुन्हा कराचीत परतला. बायकामुलं आधी बाहेर गेली. स्वतःला दुसऱ्यांदा विमानानं जाऊ देणार नाहीत, हे ओळखून ते जमिनीवरून अफगाणिस्तानात उतरले आणि तिथून लंडनला पोचले. १३ जून १९७१ रोजी लेख छापून आला. मथळा एकाच शब्दाचा होता, ‘वंशसंहार’.

त्या लेखातली एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. बंगाली जमावांनी बिहारी मुसलमानांच्या केलेल्या कत्तलीही त्यात होत्या. भारताला सोयीचं तेवढंच लिहायचं, असा तो माणूस नव्हता. म्हणून त्याच्यावर विश्वास बसला.

आता कोणी म्हणेल, प्राध्यापकमहाशय, या लेखानं सलोखा कुठे झाला? सहा महिन्यांत युद्धच झालं की! इंदिरा गांधींनीही पुढे इव्हान्सना सांगितलं होतं, की या लेखानं आपण हादरलो आणि युरोपात, मॉस्कोत जाऊन बाजू मांडायला लागलो. आक्षेप बरोबर आहे, तो आम्ही टाळणार नाही. वर्तमानपत्र युद्ध थांबवतं असा दावा आमचा नाहीच. पण त्या लेखानंतर ‘पाकिस्तानी’ हा एक अखंड दगड राहिला नाही. मारणारा पाकिस्तानी होता, मरणारा पाकिस्तानी होता, आणि ते जगाला सांगणाराही पाकिस्तानीच होता. आमचा जुना धंदा तत्त्वज्ञानाचा, म्हणून एक वाक्य कांटचं सांगून टाकतो: १७९५ साली त्यानं शाश्वत शांततेवरच्या निबंधात म्हटलं, की इतरांच्या हक्कांना हात घालणारं जे धोरण उघड करता येत नाही, ते अन्यायाचंच असतं. झालं, पुढे जाऊ.

पराभवाची चौकशी करायला पाकिस्ताननं न्यायमूर्ती हमूदुर रहमान यांचा आयोग नेमला. अहवाल आला आणि कुलुपात गेला. जवळजवळ पाव शतक तिथेच राहिला. ऑगस्ट २००० मध्ये त्याचे भाग छापले कोणी? आपल्याकडच्या ‘इंडिया टुडे’नं. मग तिकडे ओरड झाली, आमचा अहवाल आम्हाला हिंदुस्थानी साप्ताहिकातून वाचावा लागतो का! डिसेंबरअखेर पाकिस्तान सरकारनं तो खुला केला. शत्रूच्या छापखान्यानं दिलेली अशी भेट इतिहासात फारशी नसेल.

आणि नेमाचा वार्ताहर? दोन देशांनी एकमेकांच्या राजधानीत मोजून दोन-दोन वार्ताहर ठेवायचे, असा रिवाज होता. मुंबईच्या मीना मेनन ‘द हिंदू’च्या वतीनं इस्लामाबादेत होत्या. परवानगीशिवाय शहराबाहेर पाऊल टाकायची सोय नाही. मे २०१४ मध्ये त्यांना आणि पीटीआयच्या वार्ताहराला देश सोडायला सांगितलं गेलं, मुदत आठवड्याची. त्यांचं ‘रिपोर्टिंग पाकिस्तान’ २०१७ साली आलं, जरूर वाचा.

तिथे आपला माणूस नसला की काय होतं, हे मे २०२५ मध्ये आपण घरात बसून पाहिलं. कराचीचं बंदर उद्ध्वस्त झालं म्हणून काही वाहिन्यांनी रात्रभर सांगितलं. बंदर जागेवरच होतं. ज्या घरातला मुलगा त्या रात्री सीमेवर होता, त्या घरातल्या आईनं कोणत्या बातमीवर विश्वास ठेवायचा, हा प्रश्न भिंगारमध्ये पुस्तकी नाही.

पण तिकडे बोट दाखवताना आपल्या कुलुपाकडेही पाहू या. १९६२ च्या चीन युद्धातल्या पराभवावर लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत यांनी अहवाल लिहिला, १९६३ साली तो सादर झाला. ज्येष्ठ पत्रकार कुलदीप नय्यर यांनी माहितीच्या अधिकारात तो मागितला. २०१० साली केंद्रीय माहिती आयोगानं नकार दिला. त्यातला काही भाग २०१४ मध्ये इंटरनेटवर टाकला तो नेव्हिल मॅक्सवेल यांनी, म्हणजे पुन्हा एका परक्या पत्रकारानं. सरकारनं मात्र तो आजतागायत खुला केलेला नाही. तुमच्यात निवृत्त फौजी मंडळी बरीच दिसतात. त्या लढाईत कोणाचे वडील, काका असतील तर व्याख्यानानंतर थांबा, आम्हाला ऐकायचं आहे.