हिल डिस्ट्रिक्टची गाडी

पॅरामेडिक म्हटलं की आज डोळ्यांसमोर सायरन, गणवेश आणि धावत्या गाडीतच सुरू झालेले उपचार येतात. साठ वर्षांपूर्वीच्या अमेरिकेत यातलं जवळपास काहीच नव्हतं. तिथल्या सुमारे निम्म्या रुग्णवाहिका चक्क अंत्यसंस्काराचा व्यवसाय करणारे लोक चालवायचे. माणसाला आडवं नेता येईल अशी लांब गाडी त्यांच्याकडेच असायची, एवढंच कारण.

पिट्सबर्ग शहरात हे काम पोलिसांकडे होतं. रुग्णाला उचलायचं, मागे ठेवायचं आणि गाडी पिटाळायची. मागे त्याच्याजवळ बहुतेक वेळा कुणी नसायचं. हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत तर पोलिसांना बोलवायचीच लोकांना धास्ती. बोलावलं तरी गाडी वेळेवर येईल याचा भरवसा नाही.

नोव्हेंबर १९६६ मध्ये माजी गव्हर्नर डेव्हिड लॉरेन्स प्रचारसभेत कोसळले. त्यांनाही पोलिसांच्याच गाडीतून नेलं गेलं. मेंदूला झालेली इजा भरून येण्यासारखी नव्हती, त्याच महिन्यात ते गेले. म्हणजे या व्यवस्थेतून बडी माणसंही सुटत नव्हती.

याच शहरात पीटर साफार हे भूलतज्ज्ञ काम करत होते. आजच्या सीपीआरचा पाया घालणाऱ्यांपैकी ते एक. त्याच वर्षी त्यांची लहान मुलगी दम्याच्या झटक्याने गेली होती. उपचार हॉस्पिटलच्या दारात नाही, तर माणूस पडला तिथेच सुरू व्हायला हवेत, असं साफार सांगत होते. त्यासाठी प्रत्येक गाडीत डॉक्टर लागत नाही, नीट शिकवलेला माणूस लागतो.

ही माणसं मिळाली हिल डिस्ट्रिक्टमध्येच. फाल्क मेडिकल फंडचे फिल हॅलन आणि वस्तीतली फ्रीडम हाउस ही संस्था यांनी साफारांशी हातमिळवणी केली आणि १९६७ मध्ये प्रशिक्षण सुरू झालं. निवडलेले तरुण बहुतेक बेरोजगार. कुणी शाळा अर्धवट सोडलेली, कुणी व्हिएतनामहून परतलेला, कुणाच्या नावावर जुना गुन्हा. शहराच्या लेखी ही माणसं बिनकामाची होती. ती शरीररचना शिकली, सीपीआर शिकली, हॉस्पिटलांत प्रत्यक्ष काम करून आली. १९६८ मध्ये गाड्या रस्त्यावर उतरल्या आणि पहिल्याच वर्षी त्यांनी सुमारे ५,८०० कॉल घेतले.

पुढे १९७० च्या दशकात डॉ. नॅन्सी कॅरोलाइन त्यांच्या वैद्यकीय प्रमुख झाल्या. श्वासनलिकेत नळी घालणं, हृदयाचा आलेख वाचणं, शिरेतून औषध देणं ही कामं आता रस्त्यावर होऊ लागली. या अनुभवाच्या आधारावर कॅरोलाइन यांनी देशभरातल्या पॅरामेडिकसाठी अभ्यासक्रम लिहिला. त्यांचं पाठ्यपुस्तक नव्या आवृत्त्यांमधून आजही शिकवलं जातं.

आणि नेमकं तेव्हाच, ऑक्टोबर १९७५ मध्ये, महापालिकेने फ्रीडम हाउसचा करार संपवून स्वतःची सेवा सुरू केली. जुन्या लोकांना सामावून घेतलं खरं, पण नंतर नव्या परीक्षा आल्या, जुने गुन्हे उकरले गेले. अनुभवी माणसांना उपचारांपासून दूर ठेवलं गेलं आणि त्यांच्यापेक्षा कमी शिकलेले गोरे त्यांचे वरिष्ठ झाले. काही वर्षांत त्यांतले मोजकेच उरले. जोवर हे काम कुणाला नको होतं, तोवर ते यांचं होतं. त्याला सरकारी पगार आणि पद मिळालं, तेव्हा ते दुसऱ्यांचं झालं.

उरलेल्यांत जॉन मून होते. आधी ते हॉस्पिटलात वॉर्डबॉयसारखं काम करायचे. फ्रीडम हाउसची दोन माणसं रुबाबात रुग्ण घेऊन आत येताना पाहिली आणि आपणही हेच करायचं असं त्यांनी ठरवलं. महापालिकेच्या सेवेत ते तग धरून राहिले आणि उपप्रमुखपदापर्यंत पोचले. कृष्णवर्णीय तरुणांना भरतीत पुन्हा जागा मिळावी म्हणूनही ते झटले.

आपल्याकडे महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये आली. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने पॅरामेडिकची गणना मान्यताप्राप्त आरोग्य व्यावसायिकांत केली. तुमच्यापैकी कुणी या वाटेला जाणार असेल तर कोर्समध्ये काय शिकवतात हे बघालच. सोबत नोकरी कायम आहे का, बढती कुणाला मिळते आणि ती कोण ठरवतं, हेही विचारा. पिट्सबर्गची ती माणसं कामात कुठेच कमी पडली नव्हती. त्यांचं घोडं अडलं ते याच प्रश्नांपाशी.